पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्यांची कार्यशाळा: नाशिकमधल्या कामाच्या नोंदी

इंजिनीअरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निकमध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (विजेचं रूप बदलणाऱ्या सर्किटांचा विषय) शिकवणाऱ्यांसाठी आम्ही सहा दिवसांची कार्यशाळा घेतली. पंधरा जोड्या, म्हणजे तीस जण. दुसऱ्या कुठल्या कॉलेजात कोणी हाच घाट घालणार असेल तर त्यांचे पैसे आणि वेळ वाचावेत म्हणून कामाच्या वहीतल्या नोंदी इथे उतरवल्या आहेत. थिअरी यात नाही. ती एनपीटीईएलच्या ऑनलाइन व्याख्यानांत घरबसल्या मिळते.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

येणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, काय शिकायचंय? उत्तरं अपेक्षेप्रमाणेच आली. ईव्ही चार्जर, सिलिकॉन कार्बाइड, मायक्रोग्रिड, आणि जवळपास प्रत्येकाच्या यादीत एआय. मग दुसरा प्रश्न टाकला: स्वतःच्या हाताने कन्व्हर्टर जोडून शेवटचा कधी चालवला? यावर ग्रुप बराच वेळ शांत होता. नंतर खाजगीत निरोप आले. काहींनी एम.टेक.ला, काहींनी फक्त सिम्युलेशनमध्ये. एका मॅडमनी सरळ लिहिलं, "लॅबमध्ये तयार ट्रेनर किट आहे, वायर लावायच्या आणि रीडिंग घ्यायचं, आत काय आहे ते मीही उघडून पाहिलेलं नाही."

त्यामुळे ठरलं ते असं. प्रत्येक जोडीने एक बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) बनवायचा. २४ व्होल्टचे १२ व्होल्ट, २ अँपिअर, ५० किलोहर्ट्झ. इंडक्टर (कोअरवर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं) स्वतः गुंडाळायचा. सगळं साठ व्होल्टच्या खाली, म्हणजे हात लागला तरी जिवावर बेतणार नाही. चौथ्या दिवशी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आणि एका कोल्ड स्टोरेजला जायचं. पाचव्या दिवशी तिथे पाहिलेल्यातून संशोधनाचा प्रश्न काढायचा. तारीख १८ ते २३ नोव्हेंबर.

विभागप्रमुखांचं मत पडलं की बक कन्व्हर्टर फार साधा आहे, प्राध्यापकांना कमीपणा वाटेल. पाहू.

५ ऑक्टोबर, शनिवार

सुट्या भागांची खरेदी. किरकोळ माल एम.जी. रोडवर मिळाला, फेराइट कोअर आणि बॉबिनसाठी मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठावा लागला. मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) दोन ठिकाणांहून घेतले. एकीकडे आयआरएफ ५४० एन हा मॉसफेट निम्म्या भावात मिळत होता, तोही थोडा आणला.

स्वस्तातला माल तपासायला महागडं यंत्र लागत नाही. गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) १० व्होल्ट द्यायचे, ड्रेनमधून बरोबर १ अँपिअर सोडायचा आणि ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज थेट पायांवर मोजायचा. डेटाशीटप्रमाणे चालू अवस्थेतला रोध जास्तीत जास्त ४४ मिलिओहम, म्हणजे ४४ मिलिव्होल्टच्या आत यायला हवं. निम्म्या भावातल्या बहुतेक नगांनी शंभराच्या वर दाखवलं. वरची छपाई मात्र अगदी झकास. मीटरच्या प्रोब्ज वायरच्या टोकाला लावल्या तर वायरचाच रोध मोजला जातो आणि चांगला मॉसफेटही नापास होतो, तेव्हा पायांवरच लावा.

ही चाचणी पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमात घातली. नकली नग फेकले नाहीत, शिकवायला कामाचे आहेत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विधानसभा निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबर, बरोबर आमच्या आठवड्याच्या मधोमध. संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांचे फोन, "सर, आमच्या कॉलेजची यादी तहसीलला गेलीय, ड्युटी लागणारच." तारखा मोडल्या. परीक्षांचं वेळापत्रक आणि पाहुण्यांची सोय बघत नवीन आठवडा निघाला १६ ते २१ डिसेंबर. एका तज्ज्ञांचं तिकीट रद्द करण्यात थोडे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे नव्या तारखांना ते मोकळे नव्हते. कंट्रोलचं सत्र त्यांचंच होतं.

नाशिकच्या बाजूने पाहिलं तर डिसेंबर बरा पडला. जानेवारीत द्राक्षाचा हंगाम लागला की पॅकहाउस आणि कोल्ड स्टोरेजवाले आपल्याला दारात उभं करत नाहीत. डिसेंबरात त्यांची पॅनेल उघडी असतात, दुरुस्त्या चालू असतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीनंतर लॅब उघडली आणि आधी ऑसिलोस्कोप पाहिले. निम्म्या स्कोपच्या थ्री पिनमधली अर्थची पिन काढून टाकलेली. हे फक्त आमच्याकडे नाही, जिल्ह्यात जिथे जिथे विचारलं तिथे हेच. कारण कोणालाही विचारा: "अर्थ असली की फ्यूज उडतो." फ्यूज उडतो कारण प्रोबची काळी क्लिप आतून स्कोपच्या बॉडीला आणि बॉडी अर्थला जोडलेली असते. क्लिप ज्या बिंदूला लावाल तो बिंदू थेट जमिनीला. पिन काढली की फ्यूज उडत नाही, पण मग स्कोपची अख्खी बॉडी त्या बिंदूच्या व्होल्टेजवर जाते. २३० व्होल्टच्या रेक्टिफायरवर हे करणारे लोक अजून धडधाकट आहेत हे नशीब.

सगळ्या पिना परत बसवल्या. ते काम लॅबमधल्या अण्णांनी एका दुपारी केलं. स्कोपऐवजी सर्किट अर्थपासून सोडवलं: २४ व्होल्टच्या एसएमपीएसचं (मेन्सवरून डीसी देणाऱ्या पुरवठ्याचं) आउटपुट अर्थपासून वेगळं आहे का ते प्रत्येक नगावर मीटरने तपासलं, आणि २३० व्होल्टच्या प्रयोगांसाठी १ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला. तो साधारण ६,००० रुपयांना पडला. डिफरन्शियल प्रोब (काळी क्लिप अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजणारा) एकच घेतला, २२,००० च्या आसपास. अख्ख्या बजेटमधली सगळ्यात महाग वस्तू हीच, आणि खरेदी समितीत सगळ्यात जास्त प्रश्न यावरच आले. "एका वायरला बावीस हजार?"

प्रत्येक टेबलावर चिकटवायला नियम लिहिला: काळी क्लिप फक्त मायनसला, आणि एकच. दुसऱ्या चॅनेलची क्लिप मोकळी गुंडाळून ठेवायची. वरच्या मॉसफेटचा गेट-सोर्स व्होल्टेज पाहायचा असेल तर दोन चॅनेल लावून स्कोपवर वजाबाकी करायची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चाचणीसाठी आम्हीच सर्किट बांधलं. निवडणुकीचा निकाल होता, कँटीनमध्ये टीव्हीचा गोंगाट, वर आमचा धूर.

ब्रेडबोर्डवर पॉवर स्टेज चालत नाही, हे लिहून ठेवतो म्हणजे कोणी विचारू नये. लांब वायरींचा इंडक्टन्स एवढा असतो की स्विच बंद होताना ड्रेनवर मोठं रिंगिंग (व्होल्टेजची थरथर) येतं आणि मॉसफेट हात लावता येणार नाही इतका तापतो. म्हणून पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आधीच करून घेतले होते. पण खरा घोळ त्याच पीसीबीवर निघाला.

वरच्या मॉसफेटच्या गेटसाठी आयआर २११० हा ड्रायव्हर आयसी ठेवला होता. बूटस्ट्रॅप कपॅसिटरवर चालणारा, सगळ्या पुस्तकांत असतो तो. भार लावून चालवलं तर चालायचा, भार काढला की आउटपुट उचक्या द्यायचं. पुष्कळ वेळ आयसी बदलण्यात गेला. मग स्विच नोडवर (मॉसफेट, डायोड आणि इंडक्टर जुळतात त्या बिंदूवर) प्रोब लावला तेव्हा उलगडलं. बूटस्ट्रॅप कपॅसिटर भरतो तो स्विच नोड खाली शून्याजवळ आला की. खाली डायोड असलेल्या बकमध्ये भार हलका असेल तर इंडक्टरचा करंट मध्येच संपतो आणि नोड शून्यावर न राहता आउटपुटच्या व्होल्टेजवर, म्हणजे १२ वर जाऊन बसतो. ड्रायव्हरचा पुरवठाही १२ चाच. वजाबाकी शून्य. कपॅसिटर भरणार कशातून? आठ-साडेआठ व्होल्टच्या खाली गेला की आयसी स्वतःला बंद करून घेतो, आउटपुट उतरतं, नोड खाली येतो, थोडं भरतं, पुन्हा सुरू. ही ती उचकी. २४ चे १२ हे आकडे आम्हीच निवडलेले.

उपाय दोन होते. डायोडच्या जागी दुसरा मॉसफेट टाकायचा, पण मग दोन्ही एकदम चालू होऊ नयेत म्हणून डेड टाइम सांभाळावा लागतो. पहिल्याच दिवशी तीस जणांच्या हातात ते नको. दुसरा उपाय घेतला: टीएलपी २५० ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल देणारा आयसी) आणि त्याला स्वतंत्र पुरवठा देणारं १२ ते १२ व्होल्टचं एक वॉटचं छोटं आयसोलेटेड मॉड्यूल. किटमागे साधारण अडीचशे रुपये वाढले. आधीचे सगळे पीसीबी वाया गेले, आणि नवे यायला डिसेंबर उजाडणार.

आणखी एक बारकावा. मॉसफेटला चालू-बंदचे पल्स देणाऱ्या एसजी ३५२५ आयसीला दोन आउटपुट असतात आणि प्रत्येक पन्नास टक्क्यांच्या आतच चालू राहतं. २४ चे १२ करायला, डायोड आणि वायरींतली घट धरून, पन्नासच्या थोडं वर लागतं. एकच आउटपुट वापरलं तर कितीही फिरवा, १२ येत नाही. दोन्ही आउटपुट दोन डायोडनी एकत्र करून घ्या.

७ डिसेंबर, शनिवार

भार म्हणून द्वारकाजवळच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे बल्ब आणले होते. स्वस्त, आणि चालतंय ते डोळ्यांना दिसतं. पण थंड फिलामेंटचा रोध पेटलेल्याच्या साधारण दहावा हिस्सा असतो. सुरुवातीच्या त्या झटक्याने एसएमपीएस दरवेळी बंद पडत होतं. आता ६ ओहम, ५० वॉटचे अॅल्युमिनिअमच्या खोक्यातले रेझिस्टर घेतले आहेत. बल्ब शेवटी, सगळं स्थिर झाल्यावर, कौतुकापुरता.

किटचा हिशेब एसएमपीएस धरून नगामागे दीड हजाराच्या आसपास बसला. त्यात वाया गेलेले पीसीबी धरलेले नाहीत.

१६ डिसेंबर, सोमवार: पहिला दिवस

कडाक्याची थंडी. निफाड-चांदवडकडून येणारे कानटोपीसकट लॅबमध्ये बसले.

उद्घाटन आटोपशीर ठेवलं. स्लाइड एकही नाही. सकाळी एका टेबलावर साठ वॉटचा फिलामेंटचा बल्ब, ट्रायॅकचा डिमर (साइन वेव्हचा काही भाग कापून उजेड कमी करणारा) आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. डिमर बरोबर मध्यावर, म्हणजे नव्वद अंशांवर आणला. बल्बवर दोन मल्टिमीटर. एकाने १६० च्या जरा वर दाखवलं, दुसऱ्याने ११५ च्या आसपास. दोन्ही चालू स्थितीतले, दोन्ही भिंतीच्या सॉकेटवर २३० दाखवणारे.

खोली ढवळून निघाली. एका ज्येष्ठ सरांनी, पंचवीस वर्षं हाच विषय शिकवत असतील, ठामपणे सांगितलं की ११५ बरोबर, कारण निम्मी साइन वेव्ह कापली म्हणजे २३० चा निम्मा. दुसऱ्या टेबलावरून एक तरुण मॅडम म्हणाल्या, "सर, निम्मी पॉवर म्हटलं तर व्होल्टेज रूट दोनने भागायला हवा ना?" सरांनी वही काढली. दहा मिनिटांनी स्वतःच उठून फळ्यावर मांडलं: खरा आरएमएस (तेवढीच पॉवर देणाऱ्या डीसीइतका व्होल्टेज) २३० भागिले रूट दोन, म्हणजे १६३. साधं मीटर सरासरी मोजतं आणि ती शुद्ध साइन समजून १.११ ने गुणतं, म्हणून ११५. आणि मग म्हणाले, "म्हणजे आमच्या लॅबमधली सगळी जर्नल्स चुकीची आहेत." हे त्यांनी अख्ख्या खोलीसमोर म्हटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. बक कन्व्हर्टर साधा असल्याची तक्रार त्यानंतर कोणी केली नाही.

दुपारी मॉसफेटची चाचणी आणि प्रोब. प्रोबवरचा बारका स्विच एक्स १ वर असेल तर बँडविड्थ काही मेगाहर्ट्झच उरते आणि खरं रिंगिंग दिसतच नाही, हे बऱ्याच जणांना नवीन होतं. "छान गुळगुळीत वेव्हफॉर्म" म्हणून फोटो काढलेले, ते पुन्हा काढावे लागले.

टेबलावर नियम चिकटवलेला असूनही एका जोडीने दुसरी क्लिप स्विच नोडला लावलीच. मॉसफेट चालू होताच २४ व्होल्ट त्या क्लिपमधून मायनसला. क्लिपच्या वायरचं आवरण वितळून टेबलाला चिकटलं, मॉसफेट गेला, स्कोप वाचला. ती वायर दिवसभर सगळ्यांच्या हातात फिरली. चिकटवलेल्या कागदापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

१७ डिसेंबर, मंगळवार: इंडक्टर

माझ्या दृष्टीने आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस.

गणित सगळ्यांनी फळ्यावर केलं. रिपल (करंटमधला चढउतार) ०.६ अँपिअर धरला तर २०० मायक्रोहेन्री लागतो. करंटचं टोक २.३ अँपिअर. ईई २५ कोअर, छेद ५२ चौरस मिलिमीटर, फ्लक्स ०.२५ टेस्लाच्या आत ठेवायचा तर ३६ वेढे. एअर गॅप एकूण ०.४२ मिलिमीटर.

नऊ जोड्यांनी आधी गॅपशिवाय गुंडाळून इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर धरलं. अडीच मिलिहेन्रीच्या घरात! हव्या त्याच्या बारापट. चेहरे खुलले. "सर, एवढा मिळतोय तर गॅप कशाला? रिपल अजून कमी होईल." मी म्हटलं, लावा.

शंटवरचा (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरवरचा) करंट पाहिला तर त्रिकोणाच्या टोकाला शिंग फुटल्यासारखं सरळ वर गेलेलं. मॉसफेट तापून बोट ठेववेना. एलसीआर मीटर काही मिलिअँपिअरवर मोजतं, तिथे कोअरला काही पत्ताच नसतो. गॅप नसलेला हा कोअर पाव अँपिअरच्या आसपासच भरून जातो, आणि त्यानंतर तो इंडक्टर नसतो, नुसती तांब्याची तार असते.

गॅपसाठी झेरॉक्सचा कागद वापरला, एका पानाची जाडी ०.१ मिलिमीटर. इथे दुसरी फसगत. ०.४२ म्हणून दोन जोड्यांनी चार पानं घातली आणि इंडक्टन्स निम्म्यावर, शंभर मायक्रोहेन्रीवर आला. कागद कोअरच्या तिन्ही पायांत बसतो. फ्लक्स मधल्या पायातून एकदा आणि कडेच्या पायातून दुसऱ्यांदा गॅप ओलांडतो. म्हणून जाडी निम्मी, दोनच पानं. हे मांडायला मला दहा मिनिटं लागली असती. चार पानांतली दोन काढल्यावर मीटर दोनशेवर आलं, मग मांडायची गरज उरली नाही.

एका जोडीने किटमधला शॉट्की डायोड हरवला आणि लॅबच्या डब्यातला वन एन ५४०८ लावला. तीन अँपिअरचा आहे, चालेल म्हणून. तो ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी केलेला संथ डायोड. ५० किलोहर्ट्झला तो बंद व्हायला वेळ लावतो आणि तेवढा वेळ मॉसफेटवर शॉर्टच असतो. मॉसफेट गेला. नकली नगांपैकी एक लावून पुढे काम केलं.

१८ डिसेंबर, बुधवार

कंट्रोल लूप, म्हणजे आउटपुट बघून स्विचिंग आपोआप सुधारणं. पाहुणे नसल्याने आम्हीच घेतलं, आणि ते धड झालं नाही. एलटीस्पाइस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर लूप बसवून दाखवला, हार्डवेअरवर मोजक्याच जोड्यांचा स्थिर झाला. या विषयाला पूर्ण दोन दिवस हवेत, नाहीतर सरळ वगळावा.

१९ डिसेंबर, गुरुवार: अंबड आणि कोल्ड स्टोरेज

दोन गट केले, कारण ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारं यंत्र) दुरुस्त करणाऱ्या काकांच्या वर्कशॉपमध्ये तीस माणसं मावत नाहीत. काका आयटीआय शिकलेले, गाळ्यात दोन पोरं हाताखाली.

आत शिरताच त्यांनी एका प्राध्यापकांचा हात धरून मागे ओढला. उघडा ड्राइव्ह, मेन स्विच बंद. "साहेब, बंद आहे म्हणजे मेला नाही." ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या डीसी बसवर साधारण ५८७ व्होल्ट असतात आणि कपॅसिटर काही मिनिटं धरून ठेवतात. ते थांबतात, मग मीटरने मोजतात, मगच हात घालतात. पोरांनाही मोजल्याशिवाय हात लावू देत नाहीत.

त्यांच्याकडे एक पत्र्याचा डबा आहे, गेलेल्या मालाचा. फुगलेले कपॅसिटर, फुटलेले आयजीबीटी (मोठ्या पॉवरचे स्विच) मॉड्यूल. आमचे लोक त्या डब्याभोवती जे बसले ते उठेनात. काकांचं म्हणणं, येणाऱ्या ड्राइव्हपैकी बरेचसे पंख्यामुळे मरतात. पॅनेलच्या पंख्याची जाळी धुळीने भरते, आत तापतं, कपॅसिटर सुकतात. पुस्तकी हिशेबही तोच: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं. काकांना तो नियम ठाऊक नव्हता. पण कुठल्या कारखान्यातला ड्राइव्ह किती महिन्यांनी परत येणार हे ते सांगतात.

मग त्यांनी मोटरचं एक बेअरिंग काढलं. बाहेरची रिंग कापलेली. आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर शेजारी शेजारी आडव्या रेषा, नख फिरवलं की जाणवणाऱ्या. "हे ग्रीसचं काम नाही. ड्राइव्ह लावल्यापासून सुरू झालं. आधी याच मोटरला बेअरिंग वर्षानुवर्षं पुरायचं." पीडब्ल्यूएममुळे (ड्राइव्हच्या वेगवान चालू-बंदमुळे) शाफ्टवर व्होल्टेज चढतो, बेअरिंगमधल्या तेलाच्या थरातून ठिणगी पडत राहते आणि कालांतराने अशा रेषा उमटतात. कॉमन मोड व्होल्टेज हा धडा आमच्यापैकी सगळ्यांनी शिकवलेला. त्याने खाल्लेलं बेअरिंग हातात घेतलेलं कोणीच नव्हतं.

दुपारी पिंपळगावच्या बाजूला एक कोल्ड स्टोरेज. मालकांची तक्रार: पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बँक लावली, कॉम्प्रेसरला नवे ड्राइव्ह लावले, आणि तेव्हापासून कपॅसिटर टिकत नाहीत. एचटी (उच्चदाब) ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच प्रमाणे, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की जास्त, बिल येतं, त्यामुळे कपॅसिटर बंद ठेवणंही परवडत नाही.

पॉवर अॅनालायझर लावला. पहिल्यांदा किलोवॅट उणे आले, एक सीटी (करंट मोजणारा सेन्सर) उलटी बसली होती. ती फिरवल्यावर ड्राइव्हच्या फीडरवर पाचवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट वारंवारतेचा करंट) साठ टक्क्यांच्या वर. एका सरांनी लगेच हरकत घेतली, सिक्स पल्स रेक्टिफायरला पाचवा एक पंचमांश, म्हणजे वीस टक्के, असं पुस्तकात आहे. पुस्तकातला हिशेब डीसी बाजूला मोठा इंडक्टर धरून करंट सपाट मानतो. इथे चोक, म्हणजे तो इंडक्टर, नाही, थेट कपॅसिटर. करंट टोकाटोकाला झटके मारून जातो. कपॅसिटर बँक त्या हार्मोनिकना वाट देते आणि तापते.

मालकांना दोन गोष्टी सुचवल्या: ड्राइव्हच्या आधी लाइन चोक, आणि कपॅसिटरसोबत सात टक्क्यांचे डीट्यूनिंग रिअॅक्टर. सात टक्के म्हणजे ट्यूनिंग १८९ हर्ट्झला, पाचव्या हार्मोनिकच्या २५० च्या पुरेसं खाली. मालक म्हणाले, "हे बँक लावणाऱ्याने का नाही सांगितलं?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. बँक लावणारा आमच्यापैकीच कुणाचा तरी विद्यार्थी असणार.

२० डिसेंबर, शुक्रवार: संशोधनाचे प्रश्न

अट एकच. काल पाहिलेल्यातून प्रश्न निघाला पाहिजे आणि आपल्या कॉलेजात जे मोजता येतं त्यावर तो सुटला पाहिजे.

पहिल्या फेरीत आलेल्या कागदांपैकी निम्मे मी परत केले. "एआय आधारित ड्राइव्ह दोष निदान", बरं, पण डेटा कुठून आणणार? त्यावर एकाने इंटरनेटवरचा डेटासेट म्हटलं. त्यात पिंपळगावची धूळ नाही.

दुसऱ्या फेरीत कागद बदलले. एका जोडीने घेतलं: पंख्याची जाळी किती भरली की कपॅसिटरजवळ किती अंश वाढतात. लागतात फक्त दोन थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) आणि सहा महिने. एका जोडीने ड्राइव्हमधून काढलेल्या कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) आणि वय मांडायचं ठरवलं, काका डबा द्यायला तयार आहेत. तिसऱ्यांनी शाफ्ट व्होल्टेज मोजायची स्वस्त रीत शोधायचं घेतलं. यातून मोठ्या जर्नलचा पेपर होईल का, माहीत नाही. पदोन्नतीसाठी पेपर लागतात, हे खरंच आहे, आणि त्यावरून वादही झाला. माझं मत तेव्हाही हेच होतं: ज्याला १६३ आणि ११५ मधला खरा आकडा कुठला ते सांगता येत नाही, त्याच्या पेपरातल्या वेव्हफॉर्मवर मी विश्वास ठेवणार नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. एका पॉलिटेक्निकच्या मॅडम म्हणाल्या, "सर, प्रश्न चांगला आहे, पण आमच्याकडे मीटर कपाटात, कपाटाला कुलूप, आणि जळालं तर पगारातून." डेडस्टॉक रजिस्टरची (कायमस्वरूपी वस्तूंच्या नोंदवहीची) भीती सगळ्यांना आहे. म्हणूनच आपण तयार किट उघडत नाही. आमच्याकडे वापरलेला तोडगा सांगितला: किटचे भाग डेडस्टॉकवर घेऊच नका, कन्झ्युमेबलमध्ये घ्या, आणि "प्रयोगात अमुक टक्के जळणार" असं खरेदीच्या टिपणीतच लिहा. आमच्या ऑडिटला ते चाललं. या एका वाक्याची जेवढ्या लोकांनी नोंद घेतली तेवढी माझ्या कुठल्याच आकृतीची घेतली नसेल.

२१ डिसेंबर, शनिवार

किट ज्याचं त्याला घरी दिलं. प्रमाणपत्रं, फोटो. चालू कन्व्हर्टर घेऊन गेलेल्या जोड्या बारा, बाकी तिघांचे मॉसफेट बदलून कुरिअरने पाठवायचे.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

फोन करून विचारलं. काही कॉलेजांत बल्ब आणि दोन मीटरचा प्रयोग थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये गेला आहे. ज्येष्ठ सरांनी जुन्या जर्नलमधलं ते रीडिंग बदलायला लावलं. जाळीवाल्या जोडीचे थर्मोकपल एका पॅनेलमध्ये बसलेत. ईएसआरवाल्यांचं अजून सुरू नाही, ईएसआर मीटरची खरेदी टिपणी फिरते आहे. शाफ्ट व्होल्टेजवाल्यांनी विषय सोडला, कारखान्याने मोटर थांबवू दिली नाही. कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी लाइन चोक लावलेत, रिअॅक्टरचं हंगामानंतर बघू म्हणाले.

पुढच्या तुकडीसाठी यादी: डिफरन्शियल प्रोब आणखी एक. कंट्रोल लूप वगळून तो दिवस इंडक्टरला. काकांना पहिल्याच दिवशी बोलवायचं, मानधन बाहेरच्या तज्ज्ञांना देतो तेवढंच. त्यावर लेखा विभागाने त्यांची शैक्षणिक पात्रता विचारली आहे, पत्रव्यवहार चालू आहे.